परदेशी ब्लू-रे घरच्या प्लेअरवर चालत नाही. संग्रह सुरू कुठून करू?

प्रश्न नाशिकच्या एका वाचकाचा आहे, तो आधी थोडक्यात मांडते. वय सत्तावीस. कुरोसावा, बर्गमन, किस्लोव्स्की वगैरे मंडळी ओटीटीवर आणि मित्रांच्या हार्डडिस्कवरून पाहून झाली. आता स्वतःचा डिस्कचा संग्रह करायचाय. अमेरिकेतली मावसबहीण येताना क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची एक ब्लू-रे घेऊन आली, ती घरच्या प्लेअरमध्ये घातली तर पडद्यावर ‘या रीजनमध्ये ही डिस्क चालणार नाही’ एवढीच ओळ. हातात पंचवीस हजार रुपये आहेत. विचारलंय असं: प्लेअर कोणता घेऊ, पहिल्या वीस डिस्क कोणत्या, आणि आजच्या काळात हा वेडेपणा तर नाही ना? शिवाय चार मित्र जमवून सिनेमावर बोलायचंय, ते कसं करतात?

वीस नावांची यादी मी देणार नाही. तशा याद्या पैशाला पासरी मिळतात, आणि तुम्ही पाहिलेल्या दिग्दर्शकांवरून तुमची आवड तुम्हालाच माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. मला तुमची खरी अडचण वेगळी वाटते. तुम्ही अजून सिनेमाच्या नावांचा विचार करताय. दुकानातून घरी येते ती मात्र त्या सिनेमाची एक ठरावीक आवृत्ती: कुठल्या निगेटिव्हवरून केलेली, किती मिनिटांची, कुठल्या देशासाठी काढलेली. ती डिस्क अडली ती याच कारणाने. पुढे पैसे वाया जातील तेही याच कारणाने, आणि मित्रांशी वाद होतील त्यातले निम्मेही. पुण्यात फिल्म सोसायटीचं काम मी बरीच वर्षं करते, घरात डिस्कची कपाटं भिंत अडवून बसली आहेत, तेव्हा जे सांगते ते वापरातून आलेलं आहे. तुमचा टीव्ही कोणता, घरी कॉम्प्युटर आहे का, परदेशी येणंजाणं किती, यावर बरंच ठरतं, ते त्या त्या ठिकाणी सांगेनच.

आधी अडलेली डिस्क. ती खराब नाही, तुमचा प्लेअरही बरा आहे. कंपन्यांनी जगाचे भाग म्हणजे रीजन पाडलेत, आणि एका भागासाठी बंद केलेली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीच्या काळात हे भाग क्रमांकांनी वाटले होते: अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. ब्लू-रे २००६ मध्ये आली तेव्हा तीनच भाग केले. ए मध्ये अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया. बी मध्ये युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया. सी मध्ये आपण, चीन आणि रशिया. क्रायटेरियनच्या अमेरिकी ब्लू-रे ए साठी बंद केलेल्या असतात, त्यांच्याच ब्रिटनमधल्या बी साठी. भारतात घेतलेला प्लेअर सी चा. म्हणजे जगातल्या दोन्ही मोठ्या बाजारांतल्या बंद डिस्क आपल्याकडे तितक्याच परक्या. आणखी एक फसवी जागा इथेच सांगून टाकते. मागच्या कव्हरवर ‘ए/बी’ लिहिलेलं दिसलं की लोक ती डिस्क सगळीकडे चालते असं धरून चालतात. सी लिहिलेला नसेल तर आपला प्लेअर ती नाकारू शकतो. ‘ए, बी, सी’ तिन्ही किंवा ‘रीजन फ्री’ असंच लिहिलेलं पाहा.

फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला हा जाच नाही, त्यांना रीजनच नसतं. अमेरिकेची असो की ब्रिटनची, भारतात घेतलेल्या फोर-के प्लेअरवर, किंवा डिस्कची खाच असलेल्या पीएस-५ या गेमिंग यंत्रावर चालते. फक्त फोर-के संचात सोबत एक साधी ब्लू-रे असते, मुलाखती आणि माहितीपट बहुधा तिच्यावरच असतात, आणि ती बऱ्याचदा बंद असते. तेव्हा सिनेमा दिसेल, पुरवणी मजकूर दिसणार नाही.

प्लेअरचे मग तीन रस्ते. घरी बरा कॉम्प्युटर असेल आणि सुरुवातीला त्यावरच पाहायची तयारी असेल, तर बाहेरून यूएसबीने जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग. ब्लू-रेचं रीजन ड्राइव्ह तपासत नाही, सॉफ्टवेअर तपासतं, आणि व्हीएलसीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये विकतची ब्लू-रे सहजासहजी उघडत नाही, तेव्हा सॉफ्टवेअरचा खर्च धरा. डीव्हीडीचं उलटं आहे. तिथे ड्राइव्हच रीजन लक्षात ठेवतो, आणि ते पाच वेळाच बदलता येतं. पाचव्यांदा जे ठेवाल ते कायमचं. दुसरा रस्ता म्हणजे फोर-के प्लेअर भारतातच घ्यायचा आणि फक्त फोर-के व रीजन फ्री डिस्कच जमवायच्या. लंडनचं सेकंड रन हे डिस्क काढणारं छोटं लेबल पूर्व युरोपच्या सिनेमासाठी नावाजलेलं आहे, त्यांच्या ब्लू-रे सगळीकडे चालतात. वॉर्नर आर्काइव्ह या अमेरिकी लेबलच्याही चालतात. म्हणजे हा रस्ता दिसतो तितका अरुंद नाही. तिसरा रस्ता, रीजन काढून टाकलेला प्लेअर. परदेशातले काही विक्रेते सोनी, पॅनासॉनिकच्या यंत्रांत बदल करून विकतात. डीव्हीडी प्लेअर रिमोटवर एखादा कोड मारून खुला होतो, ब्लू-रेला तेवढ्याने भागत नाही, म्हणून हा उद्योग.

तिसऱ्या रस्त्याने जाणार असाल तर प्लेअर ब्रिटनमधून घ्या. अमेरिकेत विकलेली बरीच यंत्रं ११० ते १२० व्होल्टची असतात, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावली की धूर. ब्रिटनची वीज आपल्यासारखीच, पिनेचा अडॅप्टर लावला की झालं. मावसबहिणीकडूनच मागवायचा असेल तर खरेदीआधी यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो मागा, ‘१०० ते २४०’ छापलेलं असेल तरच हो म्हणा. आणि फार काळ टाळाटाळ करू नका. ओप्पोने हे प्लेअर २०१८ मध्ये बंद केले, सॅमसंग २०१९ मध्ये बाजूला झाली, एलजीही २०२४ मध्ये बाहेर पडली. डिस्क अजून वीस वर्षं मिळतील, त्या फिरवणारं यंत्र मिळेल की नाही याची मला जास्त काळजी आहे.

वेडेपणाचं. ओटीटी मीही पाहते आणि पहिल्यांदा पाहायला ते उत्तमच आहे. न पाहिलेला सिनेमा डिस्कवर विकत घेणं मला तरी परवडत नाही. पण सेवा म्हणजे भाड्याचं घर. क्रायटेरियनचे सिनेमे जिथे होते ती फिल्मस्ट्रक नावाची सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद पडली. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी स्वतःचं चॅनेल काढलं, ते अमेरिका आणि कॅनडापुरतं, आपल्याला नाहीच. आणि सिनेमा सेवेवर असला तरी तोच सिनेमा असेल याची हमी कुणी देत नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’ हा १९७१ चा सिनेमा. २०२३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की स्ट्रीमिंगवरच्या प्रतीतून वंशद्वेषी शिवीच्या संवादाचे काही सेकंद गायब आहेत. कुणी जाहीर केलं नव्हतं, टीप नव्हती. शिवी ओंगळच होती, पण तो माणूस तसाच आहे हे दाखवायलाच ती होती. ज्यांच्या कपाटात जुनी डिस्क होती त्यांनी ती लावून दाखवली, म्हणून वाद तरी झाला.

आता आवृत्त्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण संग्रहाचा जीव इथे आहे.

पहिली गोष्ट लांबी. बर्गमनचा ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ थिएटरसाठी तीन तासांच्या थोडा पुढे जातो, टीव्हीसाठीची आवृत्ती पाच तासांच्या वर आहे. दोन्ही बर्गमनच्याच. व्हिस्कोन्तीच्या ‘द लेपर्ड’ची इटालियन आवृत्ती तीन तासांहून थोडी जास्त, अमेरिकेत लागलेली इंग्रजी आवृत्ती १६१ मिनिटांची. गंमत अशी की नायकाचं काम करणाऱ्या बर्ट लँकेस्टर या अमेरिकी नटाचा स्वतःचा आवाज इंग्रजीत आहे, इटालियनमध्ये दुसऱ्याचा, आणि तरीही पाहावी ती इटालियनच, कारण शेवटच्या नाचाच्या प्रसंगाला लागणारा वेळ तिथेच मिळतो. आमच्या एका बैठकीत दोघे जण या सिनेमावरून हमरीतुमरीवर आले होते. एकाला तो संथ आणि भव्य वाटला, दुसऱ्याला तुटक. बऱ्याच वेळाने उलगडा झाला की दोघांनी दोन वेगळ्या आवृत्त्या पाहिल्या होत्या. तेव्हापासून आमच्याकडे बोलायला सुरुवात करताना कुठली आवृत्ती, किती मिनिटांची, हे आधी सांगायचं, मग मत.

कधी सिनेमाच सापडतो. ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट १९२७ चा, प्रदर्शनानंतर लगेच कापला गेला आणि कापलेला भाग गेलाच असं सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या सिनेमा संग्रहालयात १६ मिलिमीटरची जुनी प्रत सापडली आणि जवळपास २५ मिनिटं परत आली. ती जोडून २०१० मध्ये नवी आवृत्ती निघाली. सापडलेला भाग ओरखड्यांनी भरलेला आहे, पडद्यावर लगेच ओळखू येतो. मला ते ओरखडे आवडतात. तुम्हाला रद्दीच्या दुकानात या सिनेमाची २००५ ची डीव्हीडी ‘संपूर्ण’ म्हणून मिळाली तर कव्हरवर विश्वास ठेवू नका, तारीख पाहा.

मूकपटांना वेगाचाही प्रश्न असतो. ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ सेकंदाला २० चौकटींनी (फ्रेमनी) दाखवायचा की २४, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मास्टर्स ऑफ सिनेमा या ब्रिटिश लेबलच्या ब्लू-रेवर दोन्ही वेग दिलेत. एकाच चेहऱ्याचा तोच क्लोजअप दोन्ही वेगांनी लागोपाठ दाखवा. दिग्दर्शनावरचं भाषण देण्यापेक्षा त्या पाच मिनिटांत मित्रांच्या जास्त लक्षात येईल. वेगाचीच एक लहान बहीण जुन्या युरोपीय डीव्हीडींवर भेटते: २४ चौकटींचा सिनेमा पॅल या तिकडच्या टीव्ही पद्धतीसाठी २५ ने पळवायचे, म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि गाणी थोडी वरच्या पट्टीत लागतात. तेव्हा कव्हरवरचे ९६ पाहून सिनेमा कापलाय असं समजू नका. ब्लू-रेवर हा घोळ सहसा नसतो.

आणि मग पोत. फिल्मवर बारीक कण असतात, त्याला आपण ग्रेन म्हणतो. काही कंपन्यांना वाटतं गिऱ्हाइकाला चकचकीत हवं असतं, म्हणून त्या कॉम्प्युटरने ग्रेन पुसतात. ग्रेनबरोबर त्वचेवरच्या सुरकुत्या, कापडाची वीण, भिंतीचा खरखरीतपणाही जातो आणि माणसं मेणाची होतात. फोर-के लिहिलेलं म्हणजे चांगलं असं नाही, एवढंच यातून घ्या. विकत घेण्याआधी डीव्हीडीबीव्हरसारख्या वेबसाइटवर एकाच चौकटीची वेगवेगळ्या डिस्कवरची चित्रं शेजारी ठेवलेली असतात, ती पाहा. मी कानाजवळचे केस आणि कपड्यांची वीण पाहते, कारण तिथे पुसापुशी लपत नाही.

रंगाच्या बाबतीत कोण बरोबर हे ठरवणं आणखी अवघड. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय याने २०२१ च्या संचासाठी आपले सिनेमे नव्याने रंगवले. ‘इन द मूड फॉर लव्ह’ हिरवट झाला, ‘फॉलन एंजल्स’ची तर चौकटच जास्त रुंद केली. हे आपण मुद्दाम केलंय असं त्याने स्वतः लिहिलं. दिग्दर्शकाचा हक्क मोठा, हे मान्य. तरी ‘इन द मूड फॉर लव्ह’ची २०१२ ची जुनी ब्लू-रे मी कुणाला देणार नाही. ज्या सिनेमाने आपल्याला वेड लावलं तो पाहायचा हक्क आपल्यालाही थोडा आहेच की.

एक डिस्क मात्र नाव घेऊन सुचवते, कारण संग्रह कशासाठी करतात हे तिच्यावरून कळतं: सत्यजित राय यांची अपू त्रयी. या सिनेमांच्या मूळ निगेटिव्हज १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीजच्या आगीत होरपळल्या. राय यांना १९९२ मध्ये सन्मानाचं ऑस्कर मिळालं, त्यानंतर सिनेमे जपण्यासाठीच त्या तिकडे गेल्या होत्या. जळके, वितळून चिकटलेले अवशेष ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या संग्रहालयाने फेकून न देता ठेवले. वीस वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ती फिल्म औषधांच्या वाफेत मऊ केली, कडांची भोकं हाताने दुरुस्त केली आणि चौकट चौकट करून स्कॅन केली. ‘पथेर पांचाली’चा साधारण ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हवरून वाचला, ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त. ‘अपूर संसार’चं वापरण्याजोगं काहीच उरलं नव्हतं. उरलेलं इतर संग्रहालयांतल्या दुय्यम निगेटिव्हज आणि प्रतींवरून भरून काढलं. २०१५ मध्ये हे सिनेमे पुन्हा पडद्यावर आले, त्याच वर्षी डिस्कवर. संचात या दुरुस्तीवरचा छोटा माहितीपट आहे, आधी सिनेमे पाहा आणि मग तो. ‘पथेर पांचाली’तल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ दिसते तेव्हा ती कशातून वाचली हे माहीत असलेलं बरं.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि इथे माझं मत थोडं टोकाचं आहे. ‘सेव्हन समुराय’ तुम्हाला आज नाही परवडला तरी बिघडत नाही. तो लेझरडिस्क, डीव्हीडी, ब्लू-रे, २०२४ मध्ये फोर-के असा दर पिढीला नव्याने येतच राहणार. आपल्या बाजारातली डिस्क एकदा संपली की संपली. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, किराणा दुकानातही सिनेमा मिळू लागला. त्याच सुमाराला पॅलाडोर, एनडीटीव्ही लुमिएर, एनलायटन अशा लेबलांनी जागतिक सिनेमाच्या डिस्क भारतात रीतसर आणल्या. मग एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाने ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने समांतर सिनेमा दुरुस्त करून काढला. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली, मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे दुकान त्याच्या दोन वर्षं आधीच बंद झालं होतं. हा सगळा माल आता कपाटांच्या तळाशी आणि जुन्या बाजारात आहे, आणि तो परत छापला जाणार नाही.

मराठीची स्थिती त्याहून नाजूक. ज्या ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ने १९३७ मध्ये व्हेनिसला नाव मिळवलं, त्या काळच्या कितीतरी नायट्रेट (चटकन पेट घेणाऱ्या) फिल्म जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत गेल्या. साठ-सत्तरच्या दशकांतले अनेक मराठी सिनेमे घरच्या माध्यमात फक्त व्हीसीडीवर आले. व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, दोन डिस्कमध्ये मध्येच तोडलेली गोष्ट, सबटायटल्स नाहीत. चित्र पाहून रडू येईल. तरी दिसली की उचला, घरी आणून त्याच दिवशी हार्डडिस्कवर उतरवा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोरबाजारात, आणि बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या मालकांकडे विचारून पाहा. नाशिकमध्ये असा एखादा मालक नक्की असेल, पेट्या माळ्यावर टाकून बसलेला. पैसे कमी असताना क्रायटेरियनच्या एका डिस्कऐवजी अशी एक पेटी मी घेईन.

जुनी डिस्क हातात घेतली की ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. मधल्या भोकाकडून कडेकडे जाणारे ओरखडे प्लेअर बहुधा निभावून नेतो. गोल, मार्गाच्या दिशेने गेलेला एक लांब ओरखडा जास्त घातक, कारण तिथे सलग माहिती जाते. मग मधल्या कड्याभोवती तडा आहे का ते पाहा, डबीतून ओढून काढताना तिथेच डिस्क वाकते आणि तडकते. खालची बाजू चंदेरी असेल तर कारखान्यात छापलेली डीव्हीडी, जांभळट असेल तर कुणीतरी घरी किंवा दुकानात लिहिलेली. तीनशे-चारशे रुपयांत नवी कोरी ‘क्रायटेरियन’ विकणारे ऑनलाइन विक्रेते दिसतील. कव्हरची छपाई धुरकट, आतली पुस्तिका गायब, आणि ब्लू-रे सगळ्या रीजनमध्ये चालणारी असेल तर ती बहुधा नकली. एवढी सोयीची ब्लू-रे खुद्द कंपनीच सहसा काढत नाही.

परदेशातून मागवायचं तर क्रायटेरियनच्या ब्लू-रेची छापील किंमत साधारण ४० डॉलर, पण बार्न्स अँड नोबल ही अमेरिकी साखळी जुलै आणि नोव्हेंबरमध्ये त्या निम्म्या किमतीत विकते. बहिणीच्या पत्त्यावर तेव्हा मागवून ठेवा, ती येईल तेव्हा सामानातून चार-सहा डिस्क सहज येतात. कुरिअरने थेट मागवलं तर ड्युटी आणि वर कुरिअरचं हाताळणी शुल्क, आणि एका डिस्कसाठी ते अंगावर येतं, म्हणून तीन-चार जणांनी मिळून मागवा. पाकिटावर ‘भेट’ लिहायचा सल्ला अजून फिरतोय, तो विसरा. पाच हजारांपर्यंतच्या भेटींची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली.

जपणुकीचं फार अवघड नाही. डिस्क उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, नाशिकचा पावसाळा कोकणासारखा नसला तरी ओल येतेच. बुरशी आधी पुस्तिकेला धरते, कसर आणि वाळवीही कागदालाच. प्लास्टिकच्या पाकिटांच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं ठेवलेल्या डिस्क चिकटतात, डबीच बरी. पुसायची झाली तर मऊ कापडाने, मधून कडेकडे, गोल फिरवून नव्हे. टूथपेस्ट वगैरे उपाय यूट्यूबवर राहू द्या.

आणि हे सगळं करून टीव्ही तसाच ठेवलात तर पैसे पाण्यात. सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा. सॅमसंगमध्ये त्याला ऑटो मोशन प्लस, सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन म्हणतात. ते चालू असलं की १९५४ चा सिनेमाही संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायलाच हवेत. घरातलं कुणीतरी ‘पूर्ण स्क्रीन’ करून ठेवेल आणि सगळी पात्रं बुटकी, जाड दिसतील. रिमोट लपवा.

चर्चेचं. घरी आठ-दहा जण पुरेत, त्याहून जास्त झाले की दोघेच बोलतात. डिस्क घरगुती वापरासाठीच असते, हॉल घेऊन दाखवायचं तर फुकट असलं तरी हक्कधारकांची परवानगी लागते, एवढं ध्यानात असू द्या. सुरुवातीला दोन मिनिटांत आवृत्तीची माहिती, बाकी काही नाही. कथा सांगायची नाही, ‘महान’ म्हणायचं नाही. मध्ये थांबवायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. सिनेमा संपला की लगेच बोलायला लावू नका, चहा ठेवा. ‘आवडला का?’ या प्रश्नाने चर्चा संपते, सुरू होत नाही. मी विचारते, ‘कुठे कंटाळा आला?’ लोक आधी बावचळतात आणि मग खरं बोलतात, आणि कंटाळ्याची जागा सापडली की दिग्दर्शक तिथे काय करत होता हे बघायला तोच प्रसंग पुन्हा लावता येतो. डिस्कची खरी सोय हीच, प्रसंग मिनिटावर सापडतो. मुलाखती आणि तज्ज्ञांची कॉमेंटरी दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्याने ऐका, पहिल्याच रात्री सगळ्यांना ऐकवली की त्यांची मतं तिथेच मरतात. एक वही ठेवा: तारीख, सिनेमा, आवृत्ती, कोण आलं, वाद कशावरून झाला. दोन वर्षांनी तीच वही कुठल्याही समीक्षेपेक्षा वाचनीय होते.

तर पंचवीस हजार. किमती सतत हलतात, म्हणून प्रमाण सांगते. निम्म्याहून थोडे जास्त यंत्रात घाला. तुमच्या वयाला आणि बजेटला मी कॉम्प्युटरचा ड्राइव्ह किंवा भारतात मिळणारा फोर-के प्लेअर सुचवेन, बदल केलेलं महाग यंत्र आत्ता नको. उरलेल्यातून चार-पाच डिस्क, त्याही तुम्ही आधी पाहिलेल्या आणि परत पाहाव्याशा वाटलेल्या सिनेमांच्याच. थोडे पैसे जुन्या बाजारासाठी रोख बाजूला ठेवा, तिथे कार्ड चालत नाही आणि घासाघीस चालते. बहिणीने आणलेली डिस्क विकू नका, ड्राइव्ह घेतलात तर ती सर्वांत आधी लावाल. टीव्हीचं मॉडेल आणि कॉम्प्युटर किती जुना आहे ते कळवा, म्हणजे यंत्राचं नक्की सांगता येईल. आणि ती डिस्क कोणत्या सिनेमाची आहे हे तुम्ही लिहिलंच नाहीत, तेही सांगा.